परतीचा प्रवाह

घरातल्या कॉम्प्युटरचा पडदा थरथरू लागला, त्यावरून धूसर पट्टे सरकू लागले किंवा तो मधूनच काळा पडून पुन्हा उजळू लागला, की पहिला संशय मॉनिटरवर जातो. मॉनिटर बदलला जातो. नवाही तेच चाळे करतो. मग केबल बदलली जाते, त्यानंतर ग्राफिक्स कार्डावर गदा येते. या सगळ्या उलाढालीत भिंतीआडच्या वायरिंगकडे मात्र कोणी वळत नाही. अमेरिकेतल्या घरांत हे विशेष घडते. तिथली घरे लाकडी चौकटींची, भिंती पोकळ आणि वायरिंगमध्ये चार-चार पिढ्यांच्या मालकांनी आपापल्या हौसेने केलेल्या जोडण्या. पडदा बहुधा निर्दोष असतो. घरात कुठेतरी काही बिघडल्याचे तो फक्त दाखवत असतो.

विजेच्या व्यत्ययाला तीन गोष्टी लागतात : उगम, वाट आणि ज्याला त्रास होतो ते उपकरण. तिन्हींपैकी एक काढली की व्यत्यय थांबतो. पुस्तके इथेच थांबतात, पण घरगुती तक्रारींचा उलगडा व्हायला आणखी एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वीज जिथून निघते तिथे तिला परत जावेच लागते. जाणारा आणि परतणारा प्रवाह एकमेकांना चिकटून चालले, तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना जवळजवळ पुसून टाकतात आणि शेजारच्या कशालाही त्यांची चाहूल लागत नाही. परतणारा प्रवाह वेगळ्या वाटेने गेला, की दोन वाटांच्या मधला सगळा भाग त्या क्षेत्राने भरून जातो. १९९०च्या दशकातल्या पिक्चर ट्यूबपासून आजच्या ५के पडद्यापर्यंतच्या बहुतेक तक्रारी परतीची वाट चुकल्यामुळे निर्माण झालेल्या आहेत.

पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये चित्र काढायचे काम इलेक्ट्रॉनचा झोत करतो, आणि तो झोत चुंबकीय क्षेत्राने वळवला जातो. मानेभोवतीच्या वेटोळ्यांनी त्याला डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवायचे, हीच त्याची रचना. साहजिकच बाहेरून आलेले दुसरे क्षेत्रही त्याला ढकलते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अमेरिकेत साधारण ५०० मिलिगॉस असते, पण ते स्थिर असल्यामुळे त्याने चित्र हलत नाही. फार तर रंग डागाळतात, आणि मॉनिटर सुरू करताना होणारा ‘ठण्ण’ आवाज हा ते डाग पुसण्याच्या क्रियेचाच असतो. घरातल्या विजेचे क्षेत्र मात्र सेकंदाला ६० वेळा उलटसुलट होते. ते १० मिलिगॉसच्या आसपास पोचले, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके झाले, की अक्षरांच्या कडा डोळ्यांना जाणवण्याइतक्या हलू लागतात.

आता रिफ्रेश रेटचा प्रश्न. पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवला जातो आणि भोवतालची वीज कितीदा हेलकावते, या दोन आकड्यांतल्या फरकाइतक्या वेगाने चित्र डुलते. पडदा ७५ हर्ट्झवर आणि वीज ६० हर्ट्झची असेल, तर सेकंदाला १५ वेळा. ८५ हर्ट्झवर असेल तर २५ वेळा. दोन्ही आकडे ६० असतील तर चित्र किंचित वाकडे होऊन तसेच राहते. साध्या व्हीजीएचा प्रत्यक्ष दर ५९.९४ हर्ट्झ होता, त्यामुळे त्यावरचे चित्र सुमारे १७ सेकंदांत एक हेलकावा खाई. म्हणून रिफ्रेश रेट ६०वर आणून पाहणे ही त्या काळातली सर्वांत स्वस्त परीक्षा होती. थरथर थांबून तिच्या जागी संथ डुलणे आले, की दोष मॉनिटरचा नसून आसपासच्या चुंबकीय क्षेत्राचा आहे, हे जवळजवळ नक्की. गंमत अशी, की डोळ्यांना त्रास नको म्हणून दर ६०वरून ८५वर नेण्याचा सल्ला दिला जाई आणि ज्या घरात असे क्षेत्र असे तिथे हा सल्ला पाळताच पडदा शहारायला लागे. भारतातून गेलेल्यांना आणखी एक फरक दिसे. पुण्यात इन्व्हर्टरशेजारी ठेवलेला ६० हर्ट्झचा पडदा ५० हर्ट्झच्या विजेमुळे सेकंदाला १० वेळा हले. न्यू जर्सीत तसाच पडदा तशाच ट्रान्सफॉर्मरशेजारी शांत उभा राही. यात अमेरिकन विजेचा गुण काही नव्हता, नुसते आकडे जुळत होते. खुद्द आयबीएमने १९८१च्या पहिल्या पीसीबरोबर दिलेला हिरव्या अक्षरांचा मॉनिटर ६० हर्ट्झच्या देशात ५० हर्ट्झवर चाले, आणि लुकलुक झाकण्यासाठी त्याच्या काचेला प्रकाश बराच वेळ धरून ठेवणारा लेप दिलेला होता.

क्षेत्र आहे हे कळल्यावर ते कुठून येते हे शोधायचे. त्यासाठी अंतराचा नियम फार उपयोगी पडतो. लहान ट्रान्सफॉर्मर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, मत्स्यपेटीचा पंप, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, विजेवरचे घड्याळ, स्पीकर यांचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात ओसरते. अंतर दुप्पट केले की ते आठवा हिस्सा उरते. म्हणून मॉनिटर हातभर बाजूला सरकवला आणि चित्र स्थिरावले, तर उगम असल्याच एखाद्या वस्तूत आहे. ती बऱ्याचदा भिंतीच्या पलीकडे असते. अभ्यासिकेतले टेबल ज्या भिंतीला टेकवलेले असते त्याच भिंतीला मागच्या बाजूने स्वयंपाकघरातला फ्रिज उभा असतो. मधली प्लास्टरबोर्डाची भिंत चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने नसल्यातच जमा. तिच्यावर ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवण्याचा उद्योग अनेकांनी केला आणि तो फुकट गेला. ६० हर्ट्झचे क्षेत्र अडवायला तांब्याचीसुद्धा जाडी साडेआठ मिलिमीटरच्या घरात लागते, आणि स्वयंपाकघरातली फॉइल मिलिमीटरच्या साठाव्या हिश्श्याइतकी. निकेल आणि लोखंडाच्या म्यू-मेटल नावाच्या मिश्रधातूचे आवरण काम करते, पण त्याची किंमत पाहता टेबल हलवणेच परवडे.

टेबल खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले तरी थरथर जवळजवळ तेवढीच राहिली, तर प्रकरण वायरिंगचे आहे. एकट्या तारेतून वाहणाऱ्या प्रवाहाचे क्षेत्र फार हळू ओसरते. अंतर दुप्पट केल्यावर ते फक्त निम्मे होते. याचा हिशेब कागदावर करता येतो. एका सरळ तारेतून एक अँपिअर वाहत असेल तर मीटरभर अंतरावर दोन मिलिगॉस क्षेत्र असते. अमेरिकेत हिवाळ्यात पायाशी ठेवला जाणारा १,५०० वॉटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो. तो प्रवाह एकाच तारेतून जाऊन दुसऱ्या कुठल्या वाटेने परतला, तर मीटरभर अंतरावर २५ मिलिगॉस. पडदा नाचवायला पुरेसे. तोच प्रवाह नेहमीच्या पांढऱ्या किंवा पिवळ्या चपट्या केबलमधून गेला आणि त्याच केबलमधून परतला, तर दोन तारांमध्ये जेमतेम सात मिलिमीटर अंतर असल्यामुळे क्षेत्र पाव मिलिगॉसच्याही आत राहते. हीटर तोच, वीज तेवढीच. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी परतीची तार जाणाऱ्या तारेला बिलगून होती.

अमेरिकन घरात ही जोडी फुटण्याचे प्रसंग बरेच, आणि त्यांचा इतिहास देशाच्या घरबांधणीचाच इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून १९४०च्या दशकापर्यंत बांधलेल्या अनेक घरांत चिनी मातीच्या खुंट्या आणि नळ्यांवरून तारा ओढलेल्या असत. आगीच्या भीतीने जाणारी आणि परतीची तार मुद्दाम दूर ठेवलेली असे, काही ठिकाणी फूटभर. आगीच्या दृष्टीने ते शहाणपण होते. पण फूटभर अंतरावरच्या अशा जोडीतून त्या हीटरचा प्रवाह वाहिला, तर अर्ध्या मीटरवर क्षेत्र २५ मिलिगॉसच्या वर जाते. बोस्टन, फिलाडेल्फिया, शिकागोच्या जुन्या वस्त्यांतल्या घरांत अशी वायरिंग अजून सापडते. तिथे चूक कोणाचीच नसते; तारा ज्या काळात ओढल्या त्या काळात पडदाच नव्हता.

त्यानंतरच्या घरांत मात्र बहुधा कोणाची तरी चूक असतेच. जिन्याच्या दिव्याला वर एक आणि खाली एक बटन असते. अशा ठिकाणी तारा वाचवण्यासाठी फेज (जाणारी तार) तळमजल्याच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल (परतीची तार) वरच्या मजल्याच्या सर्किटमधून घेतलेला आढळतो. दिवा लागतो, बटने चालतात, कोणाची तक्रार नसते. फक्त संध्याकाळी जिन्यात उजेड झाला की पहिल्या मजल्यावरच्या खोलीतला पडदा थरथरतो, कारण प्रवाह एका भिंतीतून वर चढतो आणि दुसऱ्या भिंतीतून खाली उतरतो आणि ती खोली बरोबर मध्ये सापडलेली असते. दुसरी नेहमीची चूक तळघरात होते. बेसमेंट राहण्याजोगे करताना तिथे दुसरे पॅनेल बसवले जाते, आणि न्यूट्रलची पट्टी व अर्थिंगची पट्टी या दोन्ही तिथे एकमेकींना जोडल्या जातात. अमेरिकेची विद्युत संहिता १८९७पासून निघते आहे. तिच्या नियमानुसार हा सांधा घरात जिथे वीज प्रथम येते तिथेच असायला हवा. पुढे कुठेही तो झाला, की परतणारा प्रवाह न्यूट्रलबरोबरच अर्थिंगची तार, लोखंडी नळ्या, घर तापवणाऱ्या भट्टीचे पत्र्याचे धुराडे अशा सगळ्या वाटांनी वाटला जातो. उपनगरांत स्थिरावलेली मराठी कुटुंबेही बेसमेंटमध्ये घरचे ऑफिस थाटतात, आणि नेमके तिथेच पॅनेल, भट्टी आणि पाण्याचा मुख्य नळ एकत्र नांदत असतात.

पाण्याच्या नळाची गोष्ट सर्वांत विचित्र. अमेरिकेत घराचे अर्थिंग परंपरेने जमिनीतल्या धातूच्या पाण्याच्या नळालाही जोडलेले असते, आणि शेजारच्या घराचे त्याच नळाला. खांबावरून येणारी न्यूट्रलची जोडणी गंजून कमजोर झाली, तर परतणाऱ्या प्रवाहाचा काही भाग नळातून शेजाऱ्याकडे जातो आणि त्याच्या न्यूट्रलवरून खांबावर पोचतो. शेजाऱ्याचा प्रवाहही असाच उलट्या दिशेने येऊ शकतो. मग स्वतःच्या घराचा मुख्य ब्रेकर पाडून सगळे अंधारात ठेवले तरी नळातून प्रवाह चालूच राहतो. जवळून जाणाऱ्या विजेच्या तारांवर संशय घेणारे लोक अशा वेळी तारांकडे बोट दाखवतात आणि पायाखालच्या नळाकडे कोणी पाहत नाही. या संशयालाही पार्श्वभूमी होती. १९७९मध्ये नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी डेन्व्हरमधल्या मुलांच्या कर्करोगाचा संबंध विजेच्या तारांशी जोडणारा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढची दोन दशके देशात चुंबकीय क्षेत्राची धास्ती पसरली. १९९६मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेने सगळ्या अभ्यासांचा आढावा घेऊन, घरातली अशी क्षेत्रे आरोग्याला घातक असल्याचे उपलब्ध पुराव्यावरून दिसत नाही, असा निष्कर्ष दिला. थरथरत्या पडद्याने घाबरून जायचे कारण नाही. ज्या चुकीमुळे तो थरथरतो तिची मात्र दखल घ्यायला हवी, कारण अर्थिंगमधून वाहणारा प्रवाह एखादा सांधा सुटल्यावर माणसाच्या अंगातूनही वाट काढू शकतो.

शोधाची पद्धत सोपी आहे, चिकाटी तेवढी लागते. कॉम्प्युटर आणि मॉनिटर यूपीएसवर चालवायचे आणि पॅनेलमधले ब्रेकर एकेक करून पाडत जायचे. ज्या ब्रेकरबरोबर थरथर थांबते त्या सर्किटमध्ये गडबड. मुख्य ब्रेकर पाडूनही थरथर राहिली तर ती बाहेरून येते आहे. मधल्या काळात यूपीएसलाच मॉनिटरपासून जमेल तितके लांब ठेवावे, नाहीतर त्याचाच ट्रान्सफॉर्मर चोराच्या उलट्या बोंबा मारायचा. याहून नेमके उत्तर क्लॅम्प मीटर देतो. त्याचा चिमटा एकट्या तारेभोवती लावला तर तो तिचा प्रवाह दाखवतो. पण अख्ख्या केबलभोवती, म्हणजे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या दोन्ही तारांभोवती मिळून लावला, तर वाचन शून्य यायला हवे. शून्य आले नाही, तर तेवढा प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो आहे. हाच चिमटा पाण्याच्या नळाभोवतीही लावून पाहतात. मोजण्यापुरते घरमालकाने करावे. पॅनेलचे झाकण उघडणे आणि सांधे सोडवणे परवानाधारक इलेक्ट्रिशियनवर सोपवावे. नळाची अर्थिंगची तार काढून टाकण्याचा मोह तर अजिबात नको, कारण न्यूट्रल तुटलेला असेल तर घराचा सगळा परतीचा प्रवाह त्या एका तारेवर अवलंबून असू शकतो.

बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी विजेचा माणसाच्या शरीरावर होणारा परिणाम अभ्यासताना १९६०च्या दशकात जे सुरक्षा-उपकरण घडवले, ते याच हिशेबावर चालते. उंबऱ्यावर बसून बाहेर गेलेली माणसे आणि घरी परतलेली माणसे मोजणाऱ्या आजीसारखे ते दोन्ही प्रवाह मोजत बसते, आणि पाच मिलिअँपिअरच्या आसपास तफावत आढळताच वीज तोडते. १९७०च्या दशकात ते घराबाहेरच्या आणि बाथरूममधल्या प्लगांना सक्तीचे होत गेले. नव्या घरांच्या झोपण्याच्या खोल्यांत ठिणगी ओळखणारे ब्रेकर आले, त्यांपैकी अनेक ही तफावतही हेरतात. त्यामुळे जिन्याच्या दिव्याची ती जुनी युक्ती आता पडदा नाचवण्याआधीच ब्रेकर पाडते, आणि ‘नवा ब्रेकर खराब आहे’ अशी तक्रार होते.

व्यत्ययासारखाच दिसणारा पण त्याहून गंभीर असा एक प्रकार इथे वेगळा काढायला हवा. अमेरिकन घरात खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून २४० व्होल्ट येतात, आणि मधल्या बिंदूपासून काढलेला न्यूट्रल त्यांचे १२०चे दोन भाग करतो. अर्धे घर एका भागावर, अर्धे दुसऱ्यावर. हा न्यूट्रल सैल झाला तर वाटणी बिघडते. मायक्रोवेव्ह लावला की एका खोलीतले दिवे मंदावतात आणि दुसऱ्या खोलीतले नेहमीपेक्षा उजळतात, पिक्चर ट्यूबचे चित्र आकसते किंवा फुगते. एका बाजूला ९० आणि दुसऱ्या बाजूला १५० व्होल्ट अशी स्थिती येऊ शकते. दिवे नुसते मंदावणे सामान्य असते, पण त्याच वेळी दुसरीकडे उजळणे हे धोक्याचे लक्षण. इथे शोध घेत बसायचे नाही. महागडी उपकरणे काढून ठेवायची आणि वीज कंपनीला तातडीने बोलवायचे.

पडद्यावरून संथपणे वर चढणारे रुंद धूसर पट्टे हे आणखी वेगळे दुखणे. ते चपट्या पडद्यांवरही येते, मात्र जुन्या निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलने किंवा तशाच अ‍ॅनालॉग जोडणीने जोडलेल्या. कॉम्प्युटरचे अर्थिंग भिंतीतल्या प्लगातून येते, आणि त्यालाच टीव्ही ट्यूनर जोडला असेल तर केबल टीव्हीच्या तारेचे अर्थिंग घराच्या दुसऱ्या टोकाकडून येते. दोन अर्थिंगच्या दाबात अर्ध्या व्होल्टचाही फरक असला, तरी त्यांच्यामधून प्रवाह वाहू लागतो आणि त्याची वाट चित्राच्या संकेताच्या आवरणातून जाते. संकेत स्वतः जेमतेम ०.७ व्होल्टचा, त्यामुळे त्यावर ६० हर्ट्झची लाट सहज उमटते. पट्टे दिसत असताना केबल टीव्हीची तार काढावी. ते नाहीसे झाले तर कारण सापडले. उपायही वाट जुळवण्याचाच असतो. सगळी उपकरणे एकाच प्लगपट्टीवर आणायची, केबल टीव्हीच्या तारेचे अर्थिंग जिथे ती घरात शिरते तिथे घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेले आहे ना हे पाहायचे, आणि तेवढ्याने भागले नाही तर त्या तारेवर आयसोलेटर लावायचा.

दुसरा एक उपाय लोकांना चटकन सुचतो आणि दुर्दैवाने लागूही पडतो : तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन निकामी करणे. तीनाचे दोन करणारा छोटा अडॅप्टर हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळतो. १९६२पर्यंत बांधलेल्या बहुतेक घरांत दोनच फटींची आउटलेटे असल्यामुळे तो अनेक घरांत आधीपासून पडलेलाही असतो. तो लावताच पट्टे जातात. मात्र मॉनिटरच्या आत कधी फेज सुटून पत्र्याला लागला, तर त्या प्रवाहाला परतीची एकच वाट उरते, आणि ती पत्र्याला हात लावणाऱ्या माणसातून जाते. पट्टे सहन करावेत, हा उपाय करू नये.

द्रवस्फटिकाच्या चपट्या पडद्यात इलेक्ट्रॉनचा झोतच नाही, तेव्हा घरातले चुंबकीय क्षेत्र त्याला काही करू शकत नाही. डीव्हीआय १९९९मध्ये आणि एचडीएमआय २००२मध्ये आले, संकेत आकड्यांचा (डिजिटल) झाला, आणि पट्टेही गेले. या केबलींमध्ये प्रत्येक संकेत तारांच्या जोडीवरून जातो. एका तारेवर जे घडते त्याच्या नेमके उलट दुसरीवर. दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असल्याने बाहेरचा गोंधळ दोघींवर सारखाच उमटतो आणि वजाबाकीत उडून जातो. जाणारे आणि परतणारे जवळ ठेवण्याची तीच कला इथे सेकंदाला अब्जावधी ठोक्यांच्या वेगाने राबवली जाते. तिचा तोटा असा, की बिघाडाची पूर्वसूचना मिळत नाही. अ‍ॅनालॉग चित्र हळूहळू मळत जाई. आकड्यांचे चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते, मग त्यावर दोन-चार पांढरे ठिपके चमकतात आणि पुढच्या क्षणी पडदा काळा. कॉम्प्युटर आणि मॉनिटर एकमेकांशी पुन्हा जुळवून घेईपर्यंत दोनेक सेकंद जातात.

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हे काळे पडणे हिवाळ्यात वाढते. बाहेर बर्फ, आत भट्टीची गरम हवा, घरातली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास, जमिनीवर कृत्रिम धाग्यांचा गालिचा. अशा घरात चार पावले चालले की अंगावर हजारो व्होल्टचा स्थिरभार साठतो. दाराच्या मुठीला हात लावताना जो चटका बसतो तो साधारण तीन हजार व्होल्टच्या पुढचा असतो. या स्थिरभाराचा सर्वांत अनपेक्षित वाहक म्हणजे ऑफिसची खुर्ची. वायूच्या नळकांड्यावर वरखाली होणाऱ्या खुर्चीतून माणूस उठला, की तिच्या धातूच्या भागांत क्षणभर ठिणगी उडते, त्या ठिणगीची रेडिओ लहर चित्राची केबल पकडते आणि पडदा विझतो. ‘मी उठलो की स्क्रीन जाते’ असे सांगणाऱ्याकडे घरचे लोक संशयाने पाहतात, पण त्याचे निरीक्षण बरोबर असते. पडद्यांसाठी चिप बनवणाऱ्या डिस्प्लेलिंक कंपनीनेही ग्राहकांना दिलेल्या माहितीत या खुर्च्यांचा उल्लेख केला आहे. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४० टक्क्यांवर आणणे, जाड आवरणाची आणि आखूड केबल घेणे, खुर्चीखाली स्थिरभार वाहून नेणारी चटई अंथरणे, यातल्या एकाने तरी फरक पडतो.

केबलच्या टोकाला दिसणारा काळा दंडगोल याच कामाचा. तो फेराइटचा असतो. जोडीने जाणारा-येणारा प्रवाह त्याला दिसतच नाही, कारण जोडीचे क्षेत्र आधीच शून्य असते. आवरणावरून एकट्यानेच धावणारा, घरात परतीची वाट शोधत हिंडणारा प्रवाह मात्र त्यात अडतो. मिटवून बसवता येणारे फेराइट अमेरिकेत कुठेही मिळतात. ते केबलच्या त्रास होणाऱ्या टोकाजवळ लावावेत, आणि केबलचा एखादा वेढा त्यातून घेता आला तर परिणाम वाढतो.

सगळी जबाबदारी घरावर ढकलून मात्र चालणार नाही. २०१७च्या सुरुवातीला एलजीचा २७ इंची ५के मॉनिटर वाय-फाय राउटरजवळ ठेवला तर लुकलुकतो, बंद पडतो, अशा तक्रारी आल्या. हा मॉनिटर अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरसाठी म्हणून विकला जात होता. कंपनीने आवरणातली उणीव मान्य केली, फेब्रुवारी २०१७नंतर बनलेल्या मॉनिटरांत सुधारित आवरण असल्याचे सांगितले, आणि तोवर राउटर दोन मीटर लांब ठेवायला सांगितले. राउटर बिचारा नेमून दिलेले काम करत होता.

उलटही घडते, पडदा स्वतःच गोंधळ घालतो. १९७७मध्ये टँडी कंपनीने रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकायला काढलेला टीआरएस-८० इतका गोंगाट करी, की लोक त्याच्याजवळ एएम रेडिओ ठेवून त्यातून येणारे आवाज खेळांसाठी वापरत. टीव्हीवर पट्टे आल्याच्या तक्रारी वाढल्यावर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९७९मध्ये कॉम्प्युटरसाठी नियम केले : कचेऱ्यांसाठी ‘ए’ वर्ग आणि घरांसाठी अधिक कडक ‘बी’ वर्ग. टीआरएस-८०चे पहिले मॉडेल त्या नियमांत बसत नव्हते, आणि ते बंद झाले. १९८५मध्ये नेदरलंड्सच्या टपाल-दूरध्वनी खात्यातले विम व्हॅन एक यांनी दाखवून दिले, की पिक्चर ट्यूबमधून सुटणाऱ्या लहरी पकडून तिच्यावरचा मजकूर शेकडो मीटरवरून वाचता येतो. २०१९मधला एक छोटा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय ४, विशिष्ट आकाराच्या पडद्याला जोडला की स्वतःचेच वाय-फाय हरवून बसे. २५६० बाय १४४० ठिपक्यांच्या त्या चित्राचा वेग सेकंदाला २.४१५ अब्ज ठोक्यांचा, आणि वाय-फायची पहिली वाहिनी २.४१२ गिगाहर्ट्झवर. इतके जवळचे आकडे एका पेटीत सुखाने नांदणे कठीणच.

अशा गोंगाटाची खरी किंमत कळते ती वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँक गावात. तिथे १०० मीटरची रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिच्या भोवती सुमारे १३,००० चौरस मैलांवर १९५८पासून रेडिओ शांततेचे क्षेत्र आखलेले आहे. दुर्बिणीच्या अगदी जवळच्या घरांत मायक्रोवेव्हसारख्या वस्तूंवरही नजर असते. नारायणगावजवळच्या खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांनी ४५ मीटरच्या ३० तबकड्यांची दुर्बीण उभारताना जागा निवडली, तीही असाच मानवी गोंगाट कमी आहे हे पाहून.

गोंगाट बाहेरून येतो आहे असे ठरल्यावर त्याचा माग काढायचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे बॅटरीवरचा एएम रेडिओ. स्टेशन नसलेल्या जागी सुई ठेवून घरात फिरायचे. खरखर जिथे वाढते तिथे मंदक बटन, स्वस्त एलईडी दिवा, ट्रेडमिल किंवा छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर सापडतो. मुख्य ब्रेकर पाडूनही खरखर चालू राहिली तर रेडिओ घेऊन रस्त्यावर जायचे आणि ती कोणत्या खांबापाशी वाढते ते पाहायचे. बऱ्याचदा तिथे सैल झालेला एखादा बोल्ट किंवा तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर ठिणग्या टाकत असतो. खांबाला हात लावायचा नाही, तो हलवून पाहायचा नाही. त्याच्यावरचा क्रमांक टिपून वीज कंपनीला कळवायचा. कंपनीच्या तारांमुळे होणारा व्यत्यय दूर करणे ही कंपनीचीच जबाबदारी आहे, आणि तिने टाळाटाळ केली तर फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे तक्रार करता येते. कनेक्टिकटमधल्या न्यूइंग्टन इथे मुख्यालय असलेली अमेरिकन रेडिओ रिले लीग ही हौशी रेडिओचालकांची संघटना १९१४पासून हवेतल्या गोंगाटाशी झुंजते आहे. तिचा स्थानिक सभासद गल्लीत कुठेतरी असतोच, आणि दिशा दाखवणारी अँटेना घेऊन तो बहुधा आनंदाने येतो.